लायसन्स आलं, आता किती मागायचे?

मागच्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावहून एका पोराचा फोन आला. आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग दोन वर्षं एका ठेकेदाराच्या साइटवर उन्हातान्हात, आणि आता विद्युत पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र हातात. आपल्याकडे त्याला सगळे सरळ सुपरवायझरचं लायसन्स म्हणतात.

"दादा, लायसन्स आलं. आता पगार किती सांगू?"

"कोणाला सांगणार आहेस?"

"जिथं लागन तिथं."

मी तेव्हा एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, पत्र्याखाली घाम पुसत उभा होतो, त्यामुळे त्याला जे सांगितलं ते तुटक तुटक होतं. इथं नीट लिहितो. मी वणीत इलेक्ट्रिकल ठेकेदारी करतो, त्याआधी पाच वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. म्हणून इलेक्ट्रिकलवर जास्त बोलेन. सिव्हिल, मायनिंग, बॉयलरवाल्यांनी आपापल्या कामाचा हिशेब त्यावरून लावावा.

१. हातातला कागद कसला आहे ते ओळखा

नेटवर 'लायसन्सनंतर इंजिनिअरचा पगार' असं शोधलं की अमेरिकेचे आकडे समोर येतात आणि डोळे पांढरे होतात. तिथं आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा आणि शेवटी राज्याच्या बोर्डाचं लायसन्स, अशी एक सरळ शिडी आहे. आपल्याकडे ती शिडीच नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, पण सगळ्या इंजिनिअरांना लागू होईल असा एक कायदा देशात झालेला नाही. आपल्याकडे आहेत ते कामागणिक वेगळे परवाने, आणि प्रत्येक परवान्याचं खातं वेगळं. त्यामुळे 'लायसन्सचा पगार' असा एक आकडा कोणी सांगत असेल, तर तो तुम्हाला क्लास विकतोय असं समजा.

इलेक्ट्रिकलमध्ये तीन कागद आहेत. वायरमनचा परवाना, ज्याला सरकारी भाषेत तारतंत्री म्हणतात. त्याच्यावर पर्यवेक्षक. आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती, म्हणजे ठेकेदारीचा परवाना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. त्यांचं सार इतकंच की, बल्ब-फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. तुमचा सगळा भाव या एका वाक्यावर उभा आहे. डिग्रीला किती अनुभव लागतो, डिप्लोमाला किती, हे अर्ज करायच्या दिवशी ऊर्जा विभागाच्या संकेतस्थळावरच वाचा. चौकातल्या झेरॉक्सवाल्याला विचारू नका.

खाणीत डीजीएमएसची, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची, प्रमाणपत्रं चालतात: मायनिंग सरदार, ओव्हरमन, सर्व्हेअर, सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास मॅनेजर. तिथं परवाना नसेल तर त्या पदावर बसताच येत नाही, त्यामुळे परवाना आणि पगार यांची गाठ सगळ्यात घट्ट कुठं असेल तर खाणीत. बॉयलरवाल्यांना बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा आहे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी बॉयलरपाशी पात्र माणूस हवा ही अट सुटलेली नाही. कोराडी, चंद्रपूर, तिरोडा, मौदा इथल्या वीज केंद्रांपासून उष्णा तांदूळ काढणाऱ्या गिरणीपर्यंत हा कागद चालतो.

सिव्हिलचं जरा विखुरलेलं आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत परवानाधारक अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर अशा वेगवेगळ्या पात्रता दिल्या आहेत. गावातल्या ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचनाकाराची परवानगी नको, पण परवानाधारक अभियंत्याचा दाखला हवा, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. म्हणजे गावात काम आहे. शिवाय सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली की सरकारी छोट्या कामांच्या वाटपात तुमच्यासाठी वेगळा वाटा असतो. लॉटरीत चिठ्ठी निघेपर्यंत धीर हवा, एवढंच.

आणि चार्टर्ड इंजिनिअर. हे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स देते. संस्था १९२० ची, मुख्यालय कोलकात्याला, नागपूरला केंद्र आहे. याने पगार वाढत नाही. मशिनरीच्या अनुदानाच्या फाइलला, बँकेच्या कर्जाला, जुन्या मशीनच्या मूल्यांकनाला याचा दाखला लागतो. पंचविशीत त्याच्या मागे धावू नका, दहा वर्षांनी घ्या.

२. तुमच्या सहीवाचून कुणाचं अडतं ते शोधा

ज्या टेबलावरची फाइल तुमच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही, तिथंच लायसन्सला भाव आहे. जिथं आधीच कोणीतरी सही करणारा बसलेला आहे, तिथं तुम्ही नुसते आणखी एक इंजिनिअर. मोठ्या सिमेंट कारखान्यात दहा लायसन्सवाले असतात, अकरावा आला तर एचआरला काही फरक पडत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी नवी जिनिंग, कोल्ड स्टोअरेज, पेट्रोल पंप, चार मजली लॉज किंवा दवाखाना उभा राहतोय, आणि महावितरण टेस्ट रिपोर्टशिवाय (परवानाधारकाच्या सहीच्या तपासणी अहवालाशिवाय) कनेक्शन देत नाही म्हणून मालकाचे दिवस वाया चाललेत, तिथं तुम्ही देवासारखे.

याचा एक सोपा मार्ग सांगतो. एक रविवार काढा, गाडीत शंभराचं पेट्रोल टाका आणि वणी-मुकुटबन किंवा वणी-घुग्घुस अशा एखाद्या रस्त्यावर सावकाश जा. कुंपणाच्या आत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर दिसला की वहीत लिहा. गावच्या डीपीवरून वीज घेणारा साधा ग्राहक, आणि आपल्या आवारात ट्रान्सफॉर्मर बसवलेला तो बहुतेक उच्चदाबाचा. त्याला विद्युत निरीक्षकांच्या तपासणीला तोंड द्यावं लागतं, अर्थिंगच्या नोंदी ठेवाव्या लागतात, भार वाढवायचा तर पुन्हा सगळी कागदं. मी पहिल्यांदा असा गेलो तेव्हा राजूरच्या चुना भट्ट्यांपर्यंतच वहीचं पान भरलं होतं. ही वही म्हणजे तुमचं मार्केट. पगाराची बोलणी करायला जाताना ती डोक्यात असली पाहिजे, कारण समोरच्याने नाही म्हटलं तर पुढचं दार कोणतं हे तुम्हाला ठाऊक असतं.

याच वहीत नव्या कामांसाठी वेगळं पान ठेवा. महावितरणची लाइन-ट्रान्सफॉर्मरची कामं ग्राहक स्वतःच्या खर्चाने करतो तेव्हा १.३ टक्के देखरेख शुल्क भरून परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतो. ठेकेदारांच्या बोलण्यात 'एक पॉइंट तीनचं काम' आलं की ते हेच. आणि छतावरचं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ग्राहकाला १ किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि ३ किलोवॉटपासून पुढे ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून तालुक्यातालुक्यांत वेंडर झाले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांकडे विक्रीची पोरं भरपूर, पण अर्थिंग कसं करायचं हे कळणारा एकही नाही. तिथं साइटप्रमाणे पैसे ठरवून घेता येतात.

३. नोकरीचा आकडा

सरकारी नोकरीचं आधी सांगून टाकतो, कारण घरचे तेच विचारतात. स्थापत्य अभियांत्रिकी सहायक एस-८ या वेतनस्तरात, म्हणजे मूळ वेतन २५,५०० पासून. कनिष्ठ अभियंता एस-१४, म्हणजे ३८,६०० पासून. एमपीएससीतून सहायक अभियंता श्रेणी-२ झालात तर एस-१५, म्हणजे ४१,८०० पासून. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. लायसन्स असलं म्हणून यात एक रुपया वाढत नाही. उलट महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. नोकरीत असताना बाहेर खासगी धंदा चालत नाही, म्हणजे सही बाहेर वापरता येत नाही. मुलीचे वडील सरकारीलाच पसंती देतात हा भाग वेगळा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

कोल इंडियाची मॅनेजमेंट ट्रेनीची भरती निघाली तर मायनिंग, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनी सोडू नका. सुरुवात ई-२ श्रेणीत, ५०,००० ते १,६०,००० अशा वेतनश्रेणीत, वर्षभराचं प्रशिक्षण झालं की ई-३, म्हणजे ६०,००० ते १,८०,०००. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची आपल्याकडची कंपनी) मुख्यालय नागपूरला, आणि वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड ही त्यांची क्षेत्रं आपल्या उशापायथ्याशी. तिथं आत गेल्यावर डीजीएमएसचं फर्स्ट क्लास काढलेला आणि न काढलेला यांच्यात जो फरक पडतो, तो त्यांच्या क्वार्टरमध्ये चहा प्यायला गेलात की कळतो.

आता खासगी. नव्या डिग्रीवाल्याला १२ ते १५ हजार सांगणारे मालक आमच्या तालुक्यात आजही आहेत, आणि त्यांना लाज वाटत नाही. लायसन्स दाखवलं की तोच मालक १८-२० पर्यंत येतो. उच्चदाबाचं कनेक्शन असलेला, वर्षभर चालणारा कारखाना असेल तर २५ च्या पुढे बोलता येतं. हे माझ्या डोळ्यांसमोरचे आकडे आहेत. नागपूर-बुटीबोरीत वेगळे निघतील. तिथं भाडं आणि मेस वजा करून मगच तुलना करा.

पण मालक आकडा कशाचा सांगतोय हे आधी बघा. समजा ऑफर आली वर्षाला ३ लाख ६० हजार सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा मालकाचा एकूण खर्च. घरी गेल्यावर 'तीस हजार पगार लागला' म्हणून पेढे वाटू नका. धरा की मूळ वेतन १५,००० आहे. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००, हा त्या तीस हजारांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणून ७२२ तेही त्यातच. उरले २७,४७८. यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. खात्यात येतात २५,४७८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर कमी. बाईमाणसांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ आहे. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात, ते कापू द्या, दवाखान्याच्या वेळी कामाला येतात.

काही मालक म्हणतात, "पीएफ कशाला कापता, हातात घ्या ना पूर्ण." घेऊ नका. पीएफ कापला नाही की तुम्ही त्या कारखान्यात होता याचा पुरावा राहत नाही, आणि पुढच्या परवान्यासाठी अनुभवाचा दाखला काढायला गेलात की हाच मालक फोन उचलत नाही.

४. लायसन्स भाड्याने देऊ नका

यावर जरा थांबतो, कारण लायसन्स आल्याच्या पहिल्या महिन्यातच ही ऑफर येते. कोणीतरी ठेकेदार चहाला बोलावतो. "तुम्ही काई करू नका सायेब, नोकरी करा आपली. फक्त नाव राहू द्या आमच्याकडे. महिन्याले चार हजार घरपोच." ठेकेदाराची अनुज्ञप्ती टिकवायची तर त्याच्या नोंदीवर पर्यवेक्षक असावा लागतो. खरा ठेवला तर पगार द्यावा लागतो, म्हणून नुसता कागद भाड्याने घेतात.

मीही दिला होता. पंचवीस वर्षांचा होतो, चार हजारांत मोटरसायकलचा हप्ता निघत होता. सात महिने पैसे आले. आठव्या महिन्यात घरी रजिस्टर पोस्टाने पत्र आलं, आईने सही करून घेतलं आणि देवघरात ठेवलं, कारण वर सरकारी शिक्का होता. राळेगावकडच्या एका साइटवर केबलच्या उघड्या जॉइंटवर पोतं टाकून काम चाललं होतं. झडीचे दिवस. एका मजुराला झटका बसला, हात कोपरापर्यंत भाजला. पोरगा वाचला. पण विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली चौकशी लागली, आणि देखरेख कोणाची, तर कागदावर माझी. ती साइट मी कधी पाहिलेलीही नव्हती. ठेकेदार म्हणाला, "मी बघून घेतो." त्याने काय बघितलं ते त्यालाच ठाऊक. चौकशीत बसायला मीच होतो, आणि 'तुम्ही त्या दिवशी कुठे होता' या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर लायसन्स जातं, खोटं दिलं तर त्याहून वाईट. मी खरं सांगितलं. पुढचं वर्ष कसं गेलं ते इथं लिहीत नाही.

पैशाच्या हिशेबातही हा सौदा बुडीत आहे. तुमचं नाव एका ठेकेदाराकडे अडकलं की दुसरीकडे लावता येत नाही. वर्षाचे ४८ हजार घेऊन तुम्ही नोकरीतला वाढीव भाव आणि स्वतःच्या अनुज्ञप्तीची वाट दोन्ही बंद करता. ठेकेदाराकडे नाव लावायचंच असेल तर पगारावर लावा, नेमणूकपत्र घ्या, साइटवर जा आणि साइटच्या वहीत तारखेसह सही करा. जिथं जाता येणार नाही त्या साइटला लेखी नकार द्या. व्हॉट्सॲपवर दिला तरी चालेल, पण मेसेज जपून ठेवा.

५. स्वतःचं काम काढायचं असेल तर

दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपणच ठेकेदारी करू. करा. पण आधी वर्षाचा हिशेब मांडा. नवे लोक महिन्याचा मांडतात आणि तिथंच फसतात.

समजा चांगल्या महिन्यात तुमची ६० हजारांची बिलं होतात. वायरमनचा पगार १५,०००, पेट्रोल ५,०००, दुकानाचं भाडं आणि लाइट ४,०००, यंत्रांचं कॅलिब्रेशन आणि कागदपत्रं यांचे सरासरी १,५००. खर्च २५,५००, उरले ३४,५००. नोकरीपेक्षा नऊ हजार जास्त, झकास. पण आपल्याकडे वर्षातले चार महिने तरी काम निम्म्याहून खाली येतं. पेरणीच्या दिवसांत कोणी नवं बांधकाम काढत नाही, झड लागली की खड्डे खणता येत नाहीत. त्या चार महिन्यांत बिलं धरा २५ हजारांची. वर्षाची जमा झाली ५ लाख ८० हजार. वायरमनला मात्र बाराही महिने पगार द्यायचा, नाहीतर तो यवतमाळला निघून जातो. खर्च ३ लाख ६ हजार. उरले २ लाख ७४ हजार, म्हणजे महिन्याला २२,८३३. वर काढलेल्या नोकरीच्या २५,४७८ पेक्षा कमी. शिवाय पीएफ नाही.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत कमाईचा गड्डा वायरिंगच्या फुटांत शोधू नका. वायरिंग सगळेच करतात, त्यात भाव पडलेला आहे. तपासणी, टेस्ट रिपोर्ट, अर्थिंगची दुरुस्ती, वर्षाची देखभाल ही कामं धरा. तिथं लायसन्स आणि डोकं दोन्ही लागतं.

एक उदाहरण. मे महिन्यात एका जिनिंगची अर्थिंग तपासायला गेलो. सीझन दसरा-दिवाळीला सुरू होतो, म्हणून मालक उन्हाळ्यात मशीन खोलून ठेवतात. आपली काळी जमीन मेमध्ये कशी असते ठाऊकच आहे. हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा. अर्थ टेस्टरचा खिळा ठोकला तर तो भेगेत सैल डुलत होता. दोनदा जागा बदलली, खिळ्याभोवती पाणी टाकून माती बसवली, मग रीडिंग घेतलं. अकरा ओहम. मला पाचच्या आत हवं होतं. मालकाचा भाचा बाजूलाच उभा होता. म्हणाला, "अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बाल्टी पाणी ओतू का सर? मागच्यानं तसंच केलं होतं, तीन आलं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. खड्ड्यात पाणी ओतलं की तासाभरापुरतं रीडिंग खाली येतं. खड्ड्याला नियमित पाणी घालणं ही चांगली सवय आहेच. पण तपासणीच्या आधी ओतून जो आकडा लिहाल तो जमिनीचा नसतो, बाल्टीचा असतो. आणि मोटारीच्या बॉडीवर करंट आला तर त्या दिवशी कोणी बाल्टी घेऊन उभा नसतो. मी अकराच लिहिलं. खाली दोन नवे खड्डे सुचवले आणि त्यांचं कोटेशन वेगळं दिलं. रिपोर्टचे तीन हजार होते. खड्ड्यांचं काम रिपोर्टच्या कितीतरी पट झालं, आणि गेली चार वर्षं त्या जिनिंगची सगळी देखभाल माझ्याकडे आहे. बाल्टी ओतली असती तर तीन हजार घेऊन घरी आलो असतो.

साहित्यात कंजूषी करू नका. स्वतःचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), स्वतःचा अर्थ टेस्टर, दोन्हींचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं. उसना मेगर घेऊन जाणाऱ्याला मालक उसनेच पैसे देतो.

६. पैसे हातात कधी पडतात

बिल दिलं म्हणजे पैसे आले असं ग्रामीण विदर्भात होत नाही. शेतकरी म्हणतो कापूस विकला की देतो, जिनिंगवाला म्हणतो गाठी उचलल्या की देतो, आणि सरकारी कामाचा निधी मार्चअखेर येतो, आलाच तर. यावर माझे तीन उपाय. एक, टेस्ट रिपोर्टचे पैसे आधी, सही नंतर. यात नातेवाइकालाही सूट नाही. दोन, साहित्य मालकाने आणायचं किंवा त्याची पूर्ण रक्कम आगाऊ. स्वतःच्या उधारीवर दुसऱ्याची केबल टाकणारे दोन ठेकेदार मी बुडताना पाहिले आहेत.

तीन, उद्यम नोंदणी करा. फुकट आहे, ऑनलाइन होते. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं, करार नसेल तर १५. मुदत टळली आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर प्राप्तिकरात त्या मालकाला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. २०२४ पासून त्यांचे सीए मार्चमध्ये स्वतः फोन करून विचारतात, "तुमचं उद्यम आहे का हो?" बिलावर नंबर छापलेला असला की अर्धं काम होतं.

कराचं थोडक्यात. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. तपासणी-सल्ल्याच्या फीवर कंपन्या १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, म्हणून रिटर्न चुकवू नका. अभियांत्रिकी व्यवसायाला अनुमानित करपद्धत लागू आहे: ५० लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मा नफा धरून कर भरता येतो, मोठ्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. साहित्यासह घेतलेला ठेका मात्र धंद्यात मोडतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

७. बोलणी

आता मूळ प्रश्न. समोर बसल्यावर आकडा आधी कोणी सांगायचा? मी म्हणतो, आधी कामं विचारा. "कनेक्शन किती केव्हीएचं आहे? मागची तपासणी कधी झाली? टेस्ट रिपोर्टवर सही कोण करतं? रात्रपाळीला ट्रिप झालं तर फोन कोणाला?" या चार प्रश्नांत मालकाला कळतं की तुम्हाला काम माहीत आहे, आणि तुम्हाला कळतं की त्याचं कुठं अडलंय. बाहेरच्या माणसाला तो वर्षाला काय देतो हे कळलं तर फारच छान. मग आकडा सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आपण लगेच 'तसं तुमच्या मनानं' म्हणून मोकळे होतो.

आकड्यासोबत तीन गोष्टी नेमणूकपत्रात मागा: हातातला पगार किती, सहीची जबाबदारी कोणत्या आवारापुरती, आणि अपघात विमा. मालक पगारात दोन हजार सोडणार नसेल तर विमा आणि राहायची खोली मागून बघा, खोली बरेचदा मिळते.

मारेगावच्या त्या पोराचा परवा पुन्हा फोन आला. वही घेऊन फिरला होता. एका जिनिंगमध्ये त्यांनी बावीस सांगितले, याने सव्वीस. चोविसावर ठरलं, खोली फुकट, शेजारच्या युनिटची तपासणी केली तर तिचे पैसे वेगळे.

"दादा, एक राह्यलं. ते लायसन्सची झेरॉक्स मागून राह्यले. देऊ का?"

"दे. पण कोऱ्या झेरॉक्सवर देऊ नको. कोणाला दिली, कशासाठी दिली ते लिही, तारीख टाक, अन् मजकुरावरून आडवी सही कर. अन् तिचा फोटो काढून ठेव."